पेत्रसबाप्पांची मिटवामिटवी

आमच्या प्रार्थनाघरात भर उपदेशात कोंबडी ओरडायची आणि कुणी मान वळवून बघायचं नाही. सगळ्यांना ठाऊक, ती पेत्रसबाप्पांची. वेदीच्या मेजाच्या पायाला सुतळीनं बांधलेली. कोंबडी हजर, बाप्पा गैरहजर. नवीन माणूस आला की विचारायचा, "हे काय हो?" मग माझी सासू हळूच सांगायची, "ते मिटवायला गेलेत."

आता हे मिटवणं काय, ते सांगते.

आमचं गाव कनेरगाव नाक्याजवळ. अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजाचा वऱ्हाड, आणि मधे नाक्याची आडवी बल्ली. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची चार-पाच घरं, आणि कुडाच्या भिंतीचं, शेणानं सारवलेलं प्रार्थनाघर. पैसा कुणाकडं नव्हता. रविवारी अर्पण म्हणून कुणी पायलीभर ज्वारी आणायचं, कुणी अंडी, कुणी भोपळा. थोमामास्तर म्हणून सुवार्तिक होते, गरीब स्वभावाचे, ते उपासना चालवायचे. एकदा त्यांनी उपदेशात सांगितलं की देवापुढं अर्पण आणलं आणि तिथं आठवलं, की भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवावं, आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा, मग परत येऊन अर्पण करावं.

आम्ही सगळ्यांनी ऐकलं, माना डोलावल्या आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली. पेत्रसबाप्पांनी मात्र ते हुकमासारखं धरलं. अर्पण तिथंच ठेवायचं म्हणजे तिथंच. घरून निघतानाच मिटवून यावं, हे त्यांना चालत नसे. मास्तर म्हणायचे, "बाप्पा, शनिवारीच उरकून घेत जा ना."

"अन शनिवारी मिटवलं, रविवारी पहाटं पुन्हा झालं, मग? बराबर न्हाई ते. आधी अर्पण, मग आठवण, मग जाणं. असंच सांगितलंय."

आणि आठवायला त्यांना कधी कमी पडलं नाही, कारण माणूस मोठा भांडकुदळ. उंच, काटक, मिशा पांढऱ्या, आवाज असा की शेतात बोलले तर नाक्यावर ऐकू जावा. तेल्याशी तेलाच्या वासावरून भांडण. शिंप्याशी काजाच्या भोकावरून. नाक्यावरच्या चाँदमियाँ शिपायाशी तर काही कारणच लागायचं नाही. बल्ली तुम्ही उशिरा उचलली, नाहीतर लवकर उचलली, इतकं पुरायचं. आठवडाभर अशी भांडणं साठली की रविवारी सकाळी धुतलेलं धोतर नेसून, कोंबडी बांधून, हात जोडून बाप्पा निघायचे. "मिटवून येतो."

मी लग्न होऊन आले तेव्हा पोरसवदाच होते. त्यांच्या शेजारचंच आमचं घर. बाप्पांची बायको कधीच वारलेली, लेकरू नाही, म्हणून सासूबाई त्यांची भाकरी आमच्याच चुलीवर टाकायच्या. सणाला काही घेऊन मी नाक्यापलीकडं माहेरी निघाले की ते सोबतीला यायचे. त्या वाटेवर एकदा त्यांचं मिटवणं मी डोळ्यांनी पाहिलं.

चाँदमियाँ खाटेवर बसून दाढीला तेल लावत होता. आम्हाला बघूनच त्यानं कपाळाला हात लावला.

"अरे पेत्रस, माफ किया बोला ना मैं. अब जा रे बाबा."

"असं न्हाई मियाँ. काय माफ केलं, ते सांगा आधी."

"मेरेकू याद बी नै!"

"याद न्हाई अन माफ कसं केलं? मंगळवारी मी तुमाला काय म्हणलं?"

"काय म्हणलं?"

"ढोंगी म्हणलं."

"मेरेकू? ढोंगी?" चाँदमियाँ खाटेवरून उठलाच. त्याला खरंच ऐकू गेलं नव्हतं. मग जे सुरू झालं ते इतकं लांबलं, की मला पुढच्या गाडीवानाबरोबर पाठवून द्यावं लागलं. शेवटी मात्र मिटलं. मिटलं म्हणजे काय, तर बाप्पा विचारणार, "बराबर?" आणि समोरच्यानं तोंडानं म्हणायचं, "बराबर." नुसती मान हलवून चालत नसे.

गावातले लोक हसायचे, पण सवय झाली होती त्यांना. एखाद्या रविवारी बाप्पा तापानं पडले तर तेलीण आमच्या घरी येऊन विचारायची, "काहून गं, बुढा आला न्हाई आज? गुळाचा चहा करून ठेवला होता."

एकदा मजा झाली. उपदेशाच्या ऐन भरात मेजाखाली कोंबडीनं अंडं घातलं. मास्तर म्हणाले, हे पण अर्पणातच आलं. बाप्पा त्या दिवशी लवकर परतले होते. ते म्हणाले, कोंबडी अजून मी वाहिली न्हाई, नुसती ठेवलीय, म्हणून अंडं माझं. अंड्याचा लोभ नव्हता हो त्यांना, नंतर ते त्यांनी मास्तरांच्या लेकराच्याच हातात दिलं. पण तेवढ्यात मास्तरांना "तुमाला शास्त्र कळत न्हाई" म्हणून बसले. झालं. आता मास्तरांशीच बिघडलं. मास्तर बिचारे म्हणाले, "बसा बाप्पा, मिटलं आपलं."

"जागच्या जागी कसं मिटंल? जाऊन समेट कर म्हणलंय."

आणि उठले, दाराबाहेर गेले, प्रार्थनाघराला एक फेरा घालून परत आत आले, आणि मास्तरांपुढं हात जोडून म्हणाले, "मिटवायला आलो." बायकांनी पदर तोंडात कोंबले. मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले, "बराबर, बाप्पा, बराबर!"

हसायला येतं खरं. पण ह्या माणसानं मी आल्यापासून एकदाही प्रभुभोजन घेतलं नव्हतं.

वर्षातून दोन-चारदा पलीकडून पाद्रीसाहेब यायचे. ते आले म्हणजे भाकर आणि प्याला. आम्ही सगळे पुढं जाऊन गुडघे टेकायचो. बाप्पाही यायचे, रांगेत टेकायचे, आणि साहेब समोर आले की दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे. लहान लेकरं मार चुकवायला घेतात तसे. साहेब क्षणभर थांबून पुढं सरकायचे.

कारण त्यांचा भाऊ.

बाप्पांचं मूळ नाव रामजी. चांगल्या कुणब्याच्या घरचे. थोरला सटवाजी, धाकटा हा. तरुणपणी पायाला जखम होऊन पाय सडायला लागला, तेव्हा कुणीतरी गाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं बरेच महिने राहिले. तिथल्या बाईनं पाय धुतला, पट्ट्या केल्या, वाचायला शिकवलं. पाय वाचला, आणि रामजी परत आला तो पेत्रस होऊन. गावात गलका झाला. भावकी ओरडली, शिव्या दिल्या, वाळीत टाकतो म्हणाली. वर्ष-दोन वर्षांत ओरडून ओरडून थकली. सटवाजी एकटा ओरडला नाही. त्यानं घराची आणि शेताची वाटणी केली, दोन वावरांच्या मधे धुरा घातला, दगडमातीचा, गुडघ्याएवढा, आणि त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलला नाही. चांगला नाही, वाईट नाही.

पाद्रीसाहेब समजावायचे, "पेत्रस, तुझं त्याच्याशी भांडण तर नाही ना? मग घे."

"भांडण न्हाई, तेच तर साहेब. भांडण असतं तर मिटवलं नसतं का? हा मुका राग हाय. ह्याला कुठून धरावं?"

मग त्यांनी ठरवलं, सटवाजीला बोलतं करायचं. बोलतं म्हणजे भांडतं. एकदा भांडला की रविवारी दारात जाता येईल. त्यासाठी काय काय केलं म्हणता! आपली शेळी सटवाजीच्या हरभऱ्यात सोडली. सटवाजीनं शेळी धरली, आणून मुकाट्यानं बाप्पांच्या दाराशी बांधली, वर पेंढीभर चारा टाकून गेला. बाप्पा दिवसभर त्या चाऱ्याकडं बघत बसले. मग चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले की सटवाजीचा बैल लंगडतो. सटवाजीनं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि उठून गेला. त्याच्या घरावरून जाताना मोठ्यानं गीतं म्हणून बघितली. बाप्पांचा गळा असा की त्यावर खरंच भांडण व्हायला पाहिजे होतं. पण नाही.

शेवटी देवालाच साकडं. प्रार्थनाघरात सगळे शांतीसाठी, पावसासाठी, आजाऱ्यासाठी प्रार्थना करायचे. बाप्पांची पाळी आली की ते डोळे घट्ट मिटून म्हणायचे, "हे प्रभू, सटवाजीदादाला माझा राग येऊ दे. चांगला सणसणीत येऊ दे. आमेन." मास्तरांना ह्या प्रार्थनेला आमेन म्हणावं की नाही, हे कधी ठरवता आलं नाही.

मी एकदा भाकरी द्यायला गेले तेव्हा विचारलं, "बाप्पा, दुसऱ्यांशी तरी काहून भांडता इतकं? तुमाला तर कुणाचा राग नसतो."

ते भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, बाप्तिस्मा घेतल्यावर गावातल्या एकेका दारानं मला बघितलं की कडी लावली. उगीच, सहज, असं कुणाच्या दारात जाता येत न्हाई मला. काम लागतं. मिटवायला आलेल्या माणसाला हाकलत न्हाईत लोक." आणि लगेच आवाज चढवून, "ह्या कोरड्यासात मीठ कुणी टाकलं? तू का सासूनं? समुद्र करून ठेवलाय!"

मग ते धामधुमीचं साल आलं. निजामी जायच्या आधीचं. हिंगोलीकडून रोज एक नवीन बातमी, आज अमक्या गावाला आग लागली, उद्या तमकं गाव उठलं. उन्हाळ्यात लोक गाड्या जुंपून वऱ्हाडात निघाले. चाँदमियाँ बल्ली वर करून तोंड दुसरीकडं फिरवायचा, कोण गेलं ते दिसू नये म्हणून. सटवाजीनंही बायको, सुना, नातवंडं गाडीत घातली. गाडी बाप्पांच्या दारावरूनच गेली. बाप्पा उंबऱ्यात उभे. सटवाजी त्यांना घर बघ म्हणाला नाही, शेत बघ म्हणाला नाही. पारूवहिनी, सटवाजीची बायको, तिनं तेवढं पदराआडून वळून बघितलं.

आम्ही काही घरं मागं राहिलो. शेत-गुरं कुणाच्या भरवशावर टाकून जायचं? मृगाच्या आधी एक दिवस माझा नवरा शेतावरून घाबरा होऊन आला. "बाप्पाचं डोकं फिरलं. धुरा खणून राहिलेत."

खरंच होतं. कुदळ, फावडं, टोपली घेऊन हा म्हातारा दोन वावरांमधला धुरा उकरत होता. तुम्ही शेतकरी नसाल तर सांगते, आमच्याकडं माणूस एकवेळ घरावर आलेला चोर विसरेल, पण धुऱ्याचं वीतभर कोरलेलं विसरणार नाही. भाऊ भावाच्या डोक्यात दगड घालतो धुऱ्यापायी. आणि ह्यांनी तर अख्खाच उचलला. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "बाप्पा, काय हे?"

"साफसफाई."

"अन सटवाजीबाप्पा आल्यावर?"

"आल्यावर बघू. तुझा बैल दे, माझ्याला जोडीदार न्हाई."

पाऊस पडला. बाप्पांनी घरचं बी काढून दोन्ही वावरांत एकसलग तिफण धरली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, जशी त्यांच्या बापाच्या, आबाच्या, वेळी धरत होते. निंदण-खुरपण आम्ही बायकांनी केलं. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, निजामी गेली, नाका उठला. तेव्हा गावातली काही तापलेली पोरं चाँदमियाँचं नाव घेऊन कुजबुजायला लागली. बाप्पा काठी घेऊन त्याच्या दारात जाऊन बसले, जेवायलाही उठेनात. कुणी आलं की म्हणायचे, "ह्याच्याशी माझं मिटायचंय अजून. ते मिटंपर्यंत मधी कुणी पडायचं न्हाई." आतून चाँदमियाँ सांगायचा, "मिट गया रे, कब का मिट गया!" बाप्पा दरडावायचे, "तुमी गप बसा!"

ते सगळं निवळलं आणि गेलेल्या गाड्या परत यायला लागल्या. सटवाजी आला संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेला. आम्ही बायका शेजारच्या वावरात गवत कापत होतो. ज्वारी हुरड्यात आलेली, माणूस बुडेल अशी. सटवाजी आधी आपल्या वावराच्या वरच्या अंगाला उभा राहिला. मग खाली गेला. परत वर आला. पायानं जमीन चाचपडत होता, अंधारात जोडा शोधावा तसा. बाप्पा पलीकडं राखणीच्या माळ्याच्या खांबाला धरून उभे. मी विळा खाली ठेवला.

आणि सटवाजीनं तोंड उघडलं.

"धुरा कुठाय?"

मला वाटलं, आता बाप्पांना पंख फुटणार. इतकी वर्षं मागत होते ते आलं की! पण बाप्पांच्या तोंडून शब्द निघेना. सगळ्या गावाशी भांडलेला माणूस, नुसते ओठ हलत होते.

"बोल की! मुका झालास का? आबाच्या मागं आपल्या हातानं घातलेला धुरा माझा. कुठं नेऊन घातलास?"

"तिफण... तिफण वळवायला बैल ऐकंनात, दादा."

"बैलावर ढकलतो! गाढवा! लहानपणापासून तसाच हायस तू. विहिरीत बादली पाडली तवा पण बैलाचंच नाव सांगितलं होतं!"

"ती बादली तू पाडली होती!"

"मी? मी पाडली?"

आमच्या सगळ्या बायका कापलेलं गवत सोडून ऐकत होत्या. सटवाजी ओरडत ओरडत गावाकडं गेला, वाटेत भेटेल त्याला सांगत. बाप्पा त्याच जागी खाली बसले आणि डोक्याचं पागोटं सोडून त्यात तोंड घातलं. मी पाणी घेऊन जवळ गेले, तर मला म्हणतात कसे, "ऐकलंस ना सूनबाई? गाढवा म्हणला."

पुढच्या रविवारी पाद्रीसाहेब आले. सगळं सुरळीत झाल्यावरची पहिलीच उपासना, प्रभुभोजन ठेवलेलं. प्रार्थनाघर भरलेलं. बाप्पा आले, ज्वारीची भरलेली पहिली कणसं मेजापाशी ठेवली, साहेबांना म्हणाले, "साहेब, आज थांबा माझ्यासाठी. मिटवून आलोच." साहेबांना सगळी हकीगत मास्तरांनी सांगितलेली. ते हसून म्हणाले, "जा, पेत्रस. थांबतो."

गीतं झाली. उपदेश झाला. मास्तरांनी आणखी एक गीत काढलं, मग आणखी एक. लेकरं पेंगायला लागली. शेवटी साहेबांनी मला खुणावलं, "बाई, बघून या."

मी सटवाजीच्या वाड्याशी गेले तर आवाज बाहेरपर्यंत. आत डोकावले. अंगणात दोघं भाऊ समोरासमोर उकिडवे बसलेले. सटवाजी काडीनं मातीत धुरा आखून दाखवत होता, की इथून इथपर्यंत होता, आणि बाप्पा हातानं तो पुसत होते.

"आबानं कधी घातला होता का धुरा? सांग!"

"आबाच्या वेळी तू माणसात होतास!"

"मी आताबी माणसातच हाय. तू बोलत नव्हतास तो काय होता? दगड?"

"अन तू ज्वारी दाट पेरलीस, ते काय? अक्कल हाय का? कणीस भरंल का असल्यात?"

"भरलंय! चल दाखवतो!"

"चलतो की! खाऊन चलू. आता उन्हाचा कुठं नाचतो."

पारूवहिनी चुलीपुढं बसली होती. तिच्या हातात पिठाचा गोळा तसाच. गालावरून पाणी चाललेलं, आणि हसतही होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, दोन ताटल्या काढल्या, एक सटवाजीपुढं सरकवली आणि एक बाप्पांपुढं. मला बघून म्हणाली, "काय गं?"

मी म्हणलं, "पाद्रीसाहेब थांबलेत बाप्पांसाठी."

तिनं ओठावर बोट ठेवलं. बाप्पांची पाठ माझ्याकडं होती, त्यांना मी दिसलेच नाही. ते भाकरीचा तुकडा हातात धरून भावाला काहीतरी जोरात सांगत होते, आणि सटवाजी, "खा आधी, खा," म्हणत होता. मी हाक मारली नाही. तशीच मागं फिरले.

प्रार्थनाघरात सगळ्यांच्या माना दाराकडं. साहेबांनी विचारलं, "काय झालं? मिटलं का त्यांचं?"

"न्हाई साहेब," मी म्हणलं, "आता सुरू झालंय."